वरचा दात

आईची सूज मी पाहण्याआधी ऐकली. फोनवर तिचे ‘प’ आणि ‘ब’ नीट उमटत नव्हते. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, “पान खाल्लंय.” आई पान खात नाही.

मी रोह्याजवळ एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिथल्याच अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत राहते. त्या रविवारी पेणला गेले तेव्हा आई घरी नव्हती. गणपतीला अडतीस दिवस राहिले होते, म्हणजे रविवार वगैरे काही नव्हता. मी सरळ हैबतरावांच्या कारखान्यात गेले.

आई तिथे आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. साच्यातून काढणं, घासणं, अंगाचा रंग, सोनेरी काम, हे सगळं दुसरे करतात आणि मग मूर्ती तिच्यापुढे येते. आधी पांढरं, मग कड, मग बुबुळ, शेवटी बुबुळातला उजेडाचा ठिपका. एका मूर्तीला तिला सात-आठ मिनिटं लागतात. ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायची तिची सवय आहे. त्या दिवशी ती ते नखावर ओढून करत होती. वरचा ओठ डावीकडे सुजला होता आणि नाकाच्या बाजूची घडी पुसली गेली होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“कसलं काय. हवा लागलीय.”

“हवा नाय गो,” शेजारी दागिने रंगवणारी नम्रता म्हणाली. “पाच दिस लवंग चावतेय तुझी आई. अख्ख्या कारखान्याला मसालेभाताचा वास येतोय.”

“तू तुझे हार रंगव,” आई म्हणाली.

“आई, दात दाखवायला हवा.”

“वरचा हाय.”

आमच्या घरात एवढं पुरे होतं. माझे आजोबा काळुराम हेही आखणी करायचे. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वरचा सुळा काढून घेतला आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर इतकी गेली की ब्रश खाली ठेवावा लागला. दात काढला नि डोळ्याची शीर सुकली, असं सगळे म्हणतात. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या आखणीवाल्यांत वरचा दात कोणी काढत नाही. हलायला लागला तर पडेपर्यंत वाट पाहतात, किडला तर लवंग, तंबाखू, गोळी. आईच्या त्या सुळ्याला हिरडीजवळ काळा खड्डा पडलाय हे मी दोन वर्षं बघत होते.

घरी आल्यावर मी वर्तमानपत्राच्या कडेवर चित्र काढून दाखवलं. दातांची नस वेगळी, नजरेची वेगळी. दोन्ही मेंदूतून निरनिराळ्या ठिकाणी निघतात. एकीला काही झालं तर दुसरीला कळतही नाही. आईने शांतपणे सगळं ऐकलं.

“हे पुस्तकातलं झालं,” ती म्हणाली. “बाबांचं माझ्यासमोर झालंय.”

तरी रात्रभर दुखल्यावर सोमवारी ती दवाखान्यात यायला तयार झाली. फक्त दाखवायला, या अटीवर. डॉ. निशिगंधा वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी दातावर बोटाने हलकेच टिचकी मारली तेव्हा आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. एक्स-रेमध्ये सुळ्याच्या मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा गोल होता.

“सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब,” डॉक्टर म्हणाल्या आणि आईच्या नाकाच्या बाजूला बोट ठेवलं. “इथपर्यंत येतं. कीड आत पोचून दात आतून मेलाय, आणि टोकाशी पू साठलाय. तो वाट शोधतोय. वर सरकला तर डोळ्याखाली सूज येईल. म्हणून उशीर नको.”

आई माझ्याकडे वळली. “बघ. जातं ना डोळ्यापर्यंत?”

“पू जातो, आई. नस नाही.”

“काढायचा नाहीये आपल्याला दात,” डॉक्टर म्हणाल्या. “रूट कॅनल करू. भूल देते. दाताच्या मागच्या बाजूने छोटं छिद्र करून आतला सडलेला भाग काढायचा, मूळ धुऊन स्वच्छ करायचं आणि भरून बंद करायचं. दोन-तीन खेपा लागतील. वरून कॅप. दात तुमचाच राहतो.”

“पण शीर काढणार ना?”

“दाताच्या आतली. ती मेलेलीच आहे.”

“शीर ती शीर,” आई म्हणाली आणि खुर्चीतून उतरली.

शेवटी पाच दिवसांच्या गोळ्यांवर तडजोड झाली. डॉक्टरांनी बजावलं की गोळ्या पूर्ण घ्यायच्या, बाहेरून शेक द्यायचा नाही आणि गुरुवारी परत यायचं. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर वीस मिनिटांत खड्डा भरून दिला असता, असंही त्या म्हणाल्या. आई चपला घालत होती.

गोळ्या लागू पडल्या. तिथेच सगळं बिघडलं. तिसऱ्या दिवशी सूज निम्म्यावर आली, चौथ्या दिवशी गेली. आईने उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवल्या आणि गुरुवारी दवाखान्यात गेली नाही.

“बरी झाले मी,” फोनवर तिचे ‘ब’ आता स्वच्छ होते.

“झाली नाहीस. औषध रक्तातून जातं. मेलेल्या दाताच्या आत रक्तच जात नाही. तिथले जंतू तसेच आहेत.”

“माझ्या तोंडात प्रयोगशाळा नको काढू गो,” ती हसून म्हणाली. मीही हसले. मी तेव्हा हसायला नको होतं.

पुढच्या बुधवारी मी पहिल्या शिफ्टला होते. दुपारी नम्रताचा फोन आला. आदल्या रात्रीपासून पुन्हा ठणकत होतं. आईने तव्यावर फडकं गरम करून गाल शेकला होता, आणि सकाळी सूज डोळ्याखाली चढली होती.

“खालची पापणी फुगलीय, समीक्षा. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, आता तर मुळीच नाय. म्हणते, डोळ्याला धरलंच त्यानं, आता दाताला हात लावला तर उरलेलंही जाईल.”

आई माझं ऐकणार नव्हती. डॉक्टरांचं ऐकणार नव्हती. एका माणसाचं ऐकलं असतं. मी नम्रताला सांगितलं, काहीही कर पण तिला गाल शेकू देऊ नकोस. शिफ्ट सुटल्यावर गाडी पकडून मी निडीला उतरले. रोह्यापासून एकच स्टेशन. आजोबा तिथे नितेशमामाकडे राहतात.

मी त्यांच्याकडे खोटं मागायला गेले होते.

भाताची लावणी चालू होती, मामा शेतावर होता. आजोबा ओट्यावर सुपात वाल निवडत बसले होते. त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. प्रत्येक दाणा ते बोटांत फिरवून बघतात आणि भोकाचा असेल तर बाजूला टाकतात. मामी म्हणते, डोळसांपेक्षा बरे निवडतात.

“समी का गो? चप्पल ओढत चालतेस, तुझ्या आयसारखी.”

मी सगळं सांगितलं. मग म्हटलं, “आजोबा, तुम्ही तिला फक्त एवढं म्हणा, की आता औषधं सुधारलीत, आता दाताने डोळा जात नाही. तुमचं ऐकेल ती.”

त्यांची बोटं थांबली नाहीत.

“तवाही जात नव्हता,” ते म्हणाले.

“काय?”

“तवाही दातानं डोळा जात नव्हता. माझा आधीच चाललेला.”

मी त्यांच्या शेजारी बसले. ते सुपाकडे तोंड करूनच बोलत होते.

“कडेचं दिसेना. समोरचं लख्ख. मूर्तीच्या डोळ्याची केसाएवढी रेघ दिसायची नि बाजूला ठेवलेला रंगाचा डबा लाथेनं उडवायचो. दारातनं जाताना खांदा लागायचा. लोकं म्हणायची, काळुराम सकाळीच टाकून येतो. मी म्हणू दिलं. दारुड्याला काम देतात गो, आंधळ्याला नाय देत.”

“किती दिवस?”

“दोन वर्सं. मग तो दात दुखला नि काढला. त्याच्यानंतर समोरचंही जाया लागलं, तवा मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. काचबिंदू म्हणाले. डोळ्यात दाब वाढतो, शीर कडेकडेनं मरत येते. दुखत नाय, खुपत नाय. तुझी आजी होती संगतीला. तिला शपथ घातली मी.”

“पण का?”

“दोन वर्सांत हजारावर गणपती आखले असतील. लोकांच्या घरात बसले. त्या वर्सी कुणाच्या घरात पोर गेलं असंल, कुणाचा संसार मोडला असंल. सगळी म्हणाली असती, आंधळ्यानं आखलेला देव आणला आपण. मी कुठं तोंड दाखवलं असतं? तुझी आय तवा सोळा वर्साची, नुकती ब्रश धरत होती. तिला कोणी कारखान्यात घेतलं असतं?”

“आणि दाताचे डॉक्टर?” मी विचारलं.

“सॅमसन डॉक्टर, आपल्याकडचाच ज्यू. अष्टमीला पुलाजवळ दवाखाना होता. भला माणूस. मी त्याचं नाव कधी वंगाळ घेतलं नाय. एवढंच म्हणायचो, दात काढला नि मग दिसेना. बाकीचं लोकांनी लावलं.” त्यांनी एक दाणा बराच वेळ बोटांत फिरवला. “गिऱ्हाईक तुटलं त्याचं. दोन-तीन वर्सांनी बायकोला घेऊन इस्राएलला गेला, भावाकडं. म्हणतात, जायचाच होता. असंल. जायच्या आधी आला होता इथं. ह्याच ओट्यावर बसला. म्हणाला, काळुराम, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलंस का? काय म्हणाला तो? मी म्हटलं, नाय दाखवलं.”

समोरच्या खाचरात बायका ओळीने वाकल्या होत्या. मला वाटत होतं की मी रागवायला हवं, आणि माझ्या डोक्यात मात्र एकच हिशोब चालला होता.

“आजोबा, काचबिंदू आईबापांकडून पोरांत उतरतो. आईचं वय सत्तेचाळीस आहे.”

त्यांची बोटं आता थांबली.

“त्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं? पोरांना तपासा म्हणून?”

त्यांनी हातातला दाणा सुपात टाकला.

“सांगितलं व्हतं,” ते म्हणाले. मग सूप बाजूला सारून भिंतीला हात लावून उभे राहिले. “नितेशला हाक मार. पेणला जाऊ.”

मामाने गुडघ्यापर्यंतचा चिखल तसाच ठेवून शेजाऱ्याची गाडी मागून आणली. वाटेत मी डॉ. निशिगंधांना फोन केला. त्यांनी भराभर विचारलं: ताप आहे का, डोळा उघडता येतो का, एकाचे दोन दिसतात का, गिळताना त्रास? मला एकाचंही उत्तर नीट माहीत नव्हतं. “कसंही करून आणा,” त्या म्हणाल्या. मी हे नम्रताला सांगितलं आणि वर म्हटलं, आईला सांग, तिचे बाबा दवाखान्यात येतायत. वडखळला गाड्या अडकल्या होत्या. चाळीस मिनिटं आम्ही एका कंटेनरच्या मागे उभे होतो. मामा दोनदा म्हणाला, “पण झालंय काय, कोणी सांगाल का मला?”

आम्ही पोचलो तेव्हा आई खुर्चीत बसली होती. डावा डोळा फटीएवढा उरला होता आणि कातडी ताणून चकचकत होती. डॉक्टरांनी दोन बोटांनी पापण्या उघडून तिला पेनचं टोक दाखवलं, वर, खाली, दोन्ही बाजूंना. डोळा सगळीकडे फिरत होता. फिरवताना दुखत नव्हता. डॉक्टरांनी धरलेली बोटं आईने बरोबर मोजली. ताप शंभराच्या आत होता.

“डोळ्याच्या खोबणीत शिरलेलं नाही,” त्या मला म्हणाल्या. “आज पू इथेच काढता येईल. उद्या या वेळेपर्यंत सूज उतरली नाही तर मोठ्या हॉस्पिटलात, शिरेतून औषध. पण त्या तोंडच उघडत नाहीयेत.”

आईने लहान मुलासारखे ओठ मिटून घेतले होते.

आजोबा माझ्या खांद्यावरचा हात काढून चाचपडत पुढे गेले. खुर्चीचा हात सापडल्यावर थांबले.

“सगुणा.”

“बाबा? तुम्ही कशाला आलात? तुम्हीच सांगा ह्यांना.”

“सांगतो. माझा डोळा दातानं नाय गेला.”

मला सांगायला त्यांना अर्धा तास लागला होता. तिला त्यांनी चार-पाच वाक्यांत सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं आधीपासून. सॅमसन डॉक्टरांचा दोष नाही. मी लपवलं. तुझेही डोळे तपासायला हवेत, तेही लपवलं. डॉक्टर भूल भरलेली सुई हातात धरून तशाच उभ्या होत्या. दाराशी मामाने भिंतीला पाठ लावली.

आईने एकच विचारलं. “आईला ठाऊक होतं?”

“व्हय.”

आईने उजवा डोळा मिटला आणि तोंड उघडलं.

भूल चढायला वेळ लागला, सुजेत ती नीट पसरत नाही. दुसरी सुई द्यावी लागली. मग मागच्या बाजूने छिद्र केल्यावर आधी काहीच झालं नाही, आणि एकदम पू वर आला. त्याचा वास खोलीत भरला. डॉक्टरांनी तो वाहू दिला, मूळ पुन्हा पुन्हा धुतलं, वरून कच्चं सिमेंट लावलं. सूज लगेच कमी झाली नाही, पण आईची खुर्चीवरची मूठ सुटली. एवढा वेळ आजोबा बाकावर बसून यंत्राचा आवाज ऐकत होते. निघताना ते “येतो गो” म्हणाले. आईने उत्तर दिलं नाही. तिचा ओठ बधिर होता, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी डोळा उघडला. शुक्रवारपर्यंत सूज उतरली. या वेळी तिने गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या आणि दुसऱ्या खेपेला मला न सांगता एकटी जाऊन आली.

डोळ्यांचं मात्र ती पुढे ढकलत राहिली. आखणी आटपू दे, म्हणायची. शेवटी एका शनिवारी मी सुट्टी टाकून तिला पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं असतं. आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. आईची नजर ठिपक्यावरून तसूभर हलली नाही. यंत्रावरची मुलगी म्हणाली, असा पेशंट मी पाहिला नाही. पण मी मागे उभी राहून बटणाचे आवाज ऐकत होते, आणि मधे मधे ते फार वेळ येत नव्हते.

उजव्या डोळ्याच्या नकाशात नाकाकडच्या वरच्या बाजूला एक करडा डाग होता. डाव्यात लहानसा. दाब सत्तावीस आणि चोवीस. एकवीसच्या आत हवा.

“गेलेलं परत येत नाही,” तिथले डॉक्टर म्हणाले. “उरलेलं राखता येतं. हे थेंब रोज सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर, एकही दिवस न चुकता. समोरची नजर उत्तम आहे, तुमचं काम तुम्ही करू शकता. भाऊ आहे? त्यालाही तपासा. मुलीलाही.”

“कधीपासून झालं असंल?” आईने विचारलं.

“सांगता येत नाही. काही वर्षं.”

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. कधी एक डोळा हाताने झाकून बाहेर बघायची, कधी दुसरा. पेण जवळ आल्यावर म्हणाली, “बाबांना काय वाटलं असंल ते कळलं मला.” मग थोड्या वेळाने, “हैबतरावांना सांगायचं नाय.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तिने थेंब घातले नाहीत. मी बाटली तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलून डब्याच्या पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. पहिल्याच दिवशी चुकवतेय, या रागाने मी तिच्यामागून कारखान्यापर्यंत गेले.

सगळे आले होते. हैबतराव दारात एका गिऱ्हाइकाला मूर्ती दाखवत होते. आई आपल्या पाटावर बसली, पिशवीतून बाटली काढली, मान मागे टाकली आणि एकेक थेंब घातला. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे डोळ्यांचे नाकाकडचे कोपरे बोटांनी दाबून धरले.

“डोळे आले काय गो, सगुणाताई?” नम्रताने विचारलं. “लांब बस हां मग.”

“काचबिंदू हाय,” आई म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. “काल पनवेलला यंत्रावर कळलं. बाबांनाही तोच होता. दातानं नाय गेला त्यांचा डोळा.”

नम्रताचा हात हारावरच राहिला. गिऱ्हाइकाने हैबतरावांकडे पाहिलं. हैबतराव आत आले.

“सगुणाबाई, अहो, हे असं चारचौघांत...” ते हळू आवाजात म्हणाले. “लोकं येतात-जातात. सीझनचे दिवस.”

“दोन मिनिटं मिटून बसायला सांगितलंय,” आई डोळे न उघडता म्हणाली. “मग बोलू.”

हैबतराव तसेच उभे राहिले. मी घड्याळ बघत होते. बाहेर ते गिऱ्हाईक फोनवर कोणाला तरी काही सांगत होतं; काय ते ऐकू आलं नाही. दीड मिनिट झालं असेल तेव्हा पलीकडच्या ओळीतून दाजी उठले. साठीचे, कमी बोलणारे, आईच्या आधीपासून आखणीला बसणारे. ते आईजवळ येऊन उकिडवे बसले आणि मालकाकडे पाठ करून, अगदी हळू विचारलं,

“ते यंत्र कुठं हाय म्हणालीस, पनवेलला?”